स्क्रूवाला खिशातला चाकू: काय पिळायचं आणि काय नाही

फोल्डिंग चाकू कुणाच्याही हातात द्या, काही कापायच्या आधी तो माणूस चारपाच वेळा उघडबंद करून बघणारच. तो खटका हवा असतो. पातं अर्ध्यावर थोडं अडतं, मग स्वतःच ओढलं जातं आणि टक्क करून बसतं, आणि गंमत म्हणजे आत लॉक वगैरे काही नसतं. जुन्या पद्धतीच्या चाकूत, ज्याला शौकीन लोक स्लिपजॉइंट म्हणतात, पाठीला स्टीलची एक लांब पट्टी असते आणि तिचं टोक पात्याच्या बुडावर कायम दाबून असतं. हे बूड गोल नसतं, साधारण चौकोनी असतं. त्याची सपाट बाजू पट्टीला टेकली की पातं जागेवर राहतं, कोपरा आला की पट्टी उचलली जाते आणि वाकते, कोपरा ओलांडला की वाकण्यात साठवलेली ऊर्जा एकदम परत मिळते, तोच खटका. अडकित्त्यालाही पिव्हट, म्हणजे फिरण्याची खीळ, असतोच पण ही पट्टी नसते, म्हणून एक दांडा धरला की दुसरा नुसता लोंबतो.

पट्टीचा कडकपणा तिच्या जाडीच्या घनावर चालतो. म्हणजे जाडी दुप्पट केली तर जोर आठपट, आणि २ मिलिमीटरची पट्टी घासून १.८ केली तर जोर जवळजवळ २७ टक्के उतरतो, त्यामुळे कारागिराच्या हाताखाली दोन-दशांश मिलिमीटर इकडेतिकडे झालं की एक चाकू नखाने उघडतो आणि दुसरा नख तोडतो. अजून एक गोष्ट लोकांना पटत नाही ती ही की स्टील जास्त कडक केल्याने पट्टी जास्त ताठ होत नाही, कुठल्याही नेहमीच्या स्टीलचा ताठपणा जवळपास सारखाच. पाणी दिल्याने, म्हणजे तापवून थंड केल्याने, फक्त एवढं होतं की ती जास्त वाकूनही परत सरळ येते. स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सनरने १८९७ मध्ये जो ऑफिसर्स नाईफ काढला, आजच्या लाल स्विस चाकूचा पूर्वज, त्याची खरी करामत हीच होती की एकच पट्टी दोन्ही बाजूंच्या पात्यांना दाबून धरते.

आता नवीन अवताराकडे येऊ. आकार तोच आजोबांच्या काळचा, पण रिवेटच्या जागी टॉर्क्स स्क्रू (डोक्यात चांदणीसारखी खाच असलेले), हाडाच्या किंवा शिंगाच्या मुठीऐवजी मिकार्टा नाहीतर जी१० (कापड किंवा काचतंतू रेझिनमध्ये दाबून केलेल्या पाट्या), पिव्हटला फॉस्फर ब्राँझचे वॉशर किंवा सरळ बॉल बेअरिंग. रिवेट ठोकला की विषय संपला, स्क्रू असला की माणसाचे हात शिवशिवतात. आणि इथेच घोळ होतो. चाकू उघडायला जड वाटला की लोक पहिला पिव्हटचा स्क्रू ढिला करतात, पण पिव्हटचा स्क्रू फक्त दोन बाजूंच्या पत्र्यांमध्ये पातं किती चिमटलंय ते ठरवतो, पट्टीचा जोर त्याच्या हातात नाहीच. जड कशामुळे आहे ते आधी ओळखा. पूर्ण फिरताना सगळीकडे सारखंच घासल्यासारखं वाटतंय तर पिव्हट घट्ट आहे, पाव फेरा सैल करून बघा. कोपऱ्यावरच जड आणि मधे हलकं, तर ती पट्टी आहे, स्क्रूला हात लावू नका, तेलाचा थेंब टाका आणि तेवढ्यावर राहा. उलट पातं डावी-उजवीकडे हलत असेल तर पिव्हट आवळायचा, अगदी किंचित, कारण टी६ मापाच्या छोट्या टॉर्क्स स्क्रूचं डोकं गोल झालं की बोंबलत बसा.

हा स्क्रू आपोआप सुटू नये म्हणून निळा थ्रेडलॉकर लावतात, आणि ती बाटली म्हणजे मला या सगळ्यातली सगळ्यात हुशार वस्तू वाटते. हा गोंद हवेत सुकत नाही, उलट हवा नसली की घट्ट होतो. ऑक्सिजन त्याची रेणू-साखळी वाढू देत नाही, आट्यांमध्ये शिरला की ऑक्सिजन मिळेनासा होतो आणि वर लोखंडाचे आयन रिअॅक्शनला धक्का देतात. म्हणूनच बाटली कधी काठोकाठ भरलेली नसते आणि तिचं प्लास्टिक मुद्दाम थोडी हवा आत येऊ देणारं असतं. एक टिपका पुरे, आणि तो वॉशरवर गेला तर पातंच चिकटून बसेल.

मुंबईत मात्र चाकूचा खरा शत्रू म्हणजे आपली हवा. समुद्राचं मीठ, जुलैतली दमट ओल आणि लोकलच्या गर्दीत घामाने भिजलेला जीन्सचा खिसा. १०९५ सारखं साधं कार्बन स्टील, ज्यात ०.९५ टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो आणि क्रोमियम जवळपास नाही, ते इथे एका रात्रीत लाल ठिपके दाखवू शकतं. आपल्या आज्यांच्या विळ्या अशाच स्टीलच्या असायच्या, कैरी किंवा केळफूल चिरलं की पातं काळं पडायचं. तो काळा थर वाईट नाही, लाल गंजासारखा तो सुटून येत नाही, चिकटून राहतो आणि पुढचा गंज थोडा रोखतो. स्टेनलेसमध्ये साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असतं आणि त्याच्या ऑक्साईडचा काही नॅनोमीटरचा थर पृष्ठभागावर आपोआप बनतो, खरवडला तर पुन्हा बनतो. शेफिल्डमध्ये हॅरी ब्रियरलीने १९१३ मध्ये असं स्टील ओतलं. पण मिठातला क्लोराइड हा थर जागोजागी भेदतो आणि टाचणीएवढे खड्डे पाडतो, त्यामुळे स्टेनलेस आहे म्हणून चौपाटीवरून आल्यावर तसंच ठेवून देऊ नका, गोड्या पाण्याने धुवा, पुसा, पिव्हटमध्ये तेल सोडा. घरातलं शेंगदाणा तेल नको, ते हवेने चिकट होतं आणि खटका मरतो, खोबरेल २४-२५ अंशांखाली गोठतं. शिलाई मशीनचं तेल चांगलं, आणि त्या चाकूने फळं कापणार असाल तर केमिस्टकडचं लिक्विड पॅराफिन.

आता धार. धार म्हणजे दोन उतार जिथे मिळतात ती रेघ, आणि ती किती अरुंद आहे यावर सगळं. समजा कडेची रुंदी १ मायक्रॉन आहे (आपला केस ५० ते १००) आणि २ सेंटिमीटर लांबीवर तुम्ही एक किलोचा जोर लावला, तर दाब हवेच्या दाबाच्या जवळपास ५००० पट होतो. तीच कड १० मायक्रॉनची बोथट झाली की दाब दहाव्या भागावर, मग तुम्ही जास्त जोर लावता, चाकू घसरतो आणि बोट जातं. त्यात स्लिपजॉइंटला लॉक नाही हे विसरू नका, टोकाने खुपसायला गेलात तर पातं बोटांवर मिटेल.

कोन किती ठेवायचा? दर बाजूला १५ ते २० अंश. प्रोट्रॅक्टर नको, पात्याची रुंदी गुणिले कोनाचा साईन केला की पाठ दगडापासून किती वर धरायची ते येतं, १५ मिलिमीटर रुंद पात्याला २० अंशांसाठी साधारण ५ मिलिमीटर, म्हणजे दहाच्या तीन नाण्यांची चळत. लोकांना वाटतं बारीक कोन म्हणजे धार लवकर जाणार, पण शेफिल्डच्या काट्रा या संस्थेच्या यंत्रावर, जिथे चाकू सिलिका मिसळलेला पुठ्ठा कापत राहतो, बारीक कोनाची पाती जास्त पुठ्ठा कापतात. अट एकच, कड तुटता कामा नये, आणि तिथेच स्टीलचा प्रश्न येतो. डी२ नावाच्या स्टीलमध्ये क्रोमियम कार्बाइडचे, म्हणजे क्रोमियम आणि कार्बनच्या कडक संयुगाचे, मोठे ढेकूळ असतात, झिजायला चिवट पण फार बारीक कोनात ते उपटून निघतात. १४सी२८एन मध्ये कार्बाइड बारीक, त्यामुळे धार पटकन आणि छान लागते. एम३९० मध्ये व्हॅनेडियम आहे, त्याचं कार्बाइड कुरुंदापेक्षाही कडक, साध्या दगडावर घासत बसलात तर फार वेळ जाईल, तिथे डायमंड प्लेट बरी. मला विचाराल तर पहिल्या चाकूला एम३९० सारखं महागडं पावडर स्टील (धातूच्या भुकटीपासून बनवलेलं) घेऊच नका, धार लावायला शिकायचंय ना, मग शिकू देणारं स्टील घ्या.

नागदेवी स्ट्रीटवर हार्डवेअरच्या दुकानांत दोन बाजूंचा धारेचा दगड मागितला की मिळतो, सुरुवातीला तेवढा पुरे. कडेवर मार्करने रंग लावा, दोन-तीन हात फिरवा, रंग पाठीकडचा गेला तर चाकू जास्त आडवा धरलाय, धारेकडचाच गेला तर जास्त उभा. एका बाजूला घासत राहायचं ते दुसऱ्या बाजूला बर येईपर्यंत, म्हणजे कडेवर दुमडलेली धातूची बारीक किनार, बोट कडेपासून दूर ओढलं की खरखरीत लागते. बर आली याचा अर्थ तुम्ही अगदी कडेपर्यंत पोचलात. ती न येताच बाजू बदलणारे लोक तासभर घासतात आणि चाकू तसाच बोथट. मग दुसरी बाजू, मग हलक्या हाताने आलटून पालटून, शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर हिरवी पेस्ट लावून कड मागे ओढत. ही हिरवी पेस्ट म्हणजे क्रोमियम ऑक्साईडच, तोच जो स्टेनलेसला गंजापासून वाचवतो.

सायकलवर चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याला मी किचनची सुरी देतो, हा चाकू देत नाही. त्याच्या हाताला तोड नाही, पण कोरड्या चाकावर पातळ कड क्षणात तापते. साधी कार्बन स्टीलची पाती साधारण २०० अंशांच्या आसपास मऊसर करून चिवट केलेली असतात, त्याच्या वर गेलं की कडकपणा उतरत जातो, आणि कडेवर निळी छटा दिसली म्हणजे ३०० अंशांच्या जवळ पोचलंय, तेवढं स्टील मऊ झालं, दगडावर घासून काढून टाकण्याशिवाय इलाज नाही.

हो, आणि खिशात टाकून फिरण्याबद्दल. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली पोलीस मनाई आदेश काढू शकतात आणि त्यात चाकूही येतो, विमानाच्या केबिन बॅगेत तर नाहीच नाही. माझा चाकू बहुतेक वेळ ओट्याशेजारच्या ड्रॉवरमध्ये असतो.

धार झाली का ते बघायला कागदापेक्षा टोमॅटो बरा. वरची साल चिवट, आतला गर मऊ, बोथट कड साल फुटायच्या आधी गरच दाबते आणि टोमॅटो चेपतो. नुसतं चाकूचं वजन ठेवून मागे ओढलं आणि साल उघडली तर काम झालं. घसरला तर भरड बाजूला परत जायची गरज नाही, बहुतेक वेळा थोडी बर राहिलेली असते, पट्ट्यावर आठ-दहा हात आणि पुन्हा बघा.