श्रवणयंत्र-समाधान

श्रवणयंत्र (बोलीत ‘कानाचे मशीन’) वापरणाऱ्या प्रौढ वा वृद्ध व्यक्तीचे त्या यंत्राविषयीचे स्वतःचे अनुकूल-प्रतिकूल मत. श्रवणशास्त्रात ते लाभ आणि वापर यांहून वेगळे मानतात. लाभ म्हणजे ऐकण्यात पडलेला फरक, वापर म्हणजे रोज यंत्र लावण्याचे तास. समाधानात मात्र किंमत, यंत्र लावल्यावरचे दिसणे, तज्ज्ञाची वागणूक आणि मनातली अपेक्षाही मिसळते.

अपेक्षेचे स्थान वादग्रस्त आहे. ग्राहकसंशोधनात 1980च्या सुमारास रिचर्ड ऑलिव्हर यांनी मांडलेला विचार असा, की अपेक्षा आणि प्रत्यक्ष अनुभव यांतील अंतरावर समाधान ठरते. काही श्रवणतज्ज्ञांनी तो उचलला. तथापि श्रवणयंत्रांच्या अभ्यासांत हा संबंध सर्वत्र सारखा आढळत नाही. वय व श्रवणदोषाची तीव्रता यांबाबतही निष्कर्ष जुळत नाहीत. त्यामुळे समाधान हे अनेक घटकांचे मिश्रण मानणारे मत अधिक ग्राह्य वाटते.

श्रवणतज्ज्ञ रॉबिन कॉक्स व जेनेव्हिव्ह अलेक्झांडर यांची 1999ची ‘सॅडल’ (रोजच्या जीवनातील श्रवणयंत्र-समाधान मोजणारी, इंग्रजी आद्याक्षरांवरून नाव पडलेली) प्रश्नावली याच मतावर उभी आहे. तिच्यातील 15 प्रश्नांना सात पायऱ्यांवर उत्तर द्यायचे असते. त्यांपैकी सहा प्रश्न सकारात्मक परिणामाविषयी आहेत. सेवा व किंमत, त्रासदायक बाबी आणि स्वप्रतिमा यांना प्रत्येकी तीन. त्रासदायक बाबींत यंत्राची शिट्टी, फोनवरचे बोलणे व गोंगाट येतात. याच सुमारास डेन्मार्कमधील एरिक्सहोम येथील कार्यशाळेतून सात प्रश्नांची आंतरराष्ट्रीय प्रश्नावली निघाली. तिच्यात समाधानाला एकच प्रश्न आहे, पण ऐकण्याच्या अडचणींमुळे इतरांना होणारा त्रासही विचारला आहे. ही जोड मोलाची आहे, कारण बहिरेपण एकट्याचे नसते.

अमेरिकेत सर्गेई कॉचकिन यांच्या सर्वेक्षणांत समोरासमोरच्या बोलण्यात समाधान जास्त व गोंगाटात कमी दिसले. ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत’ ही वृद्धांची तक्रार याच्याशी जुळते. यंत्र आवाज वाढवते, आतल्या कानाची झीज भरून काढत नाही. अशी सर्वेक्षणे वाचताना एक सावधगिरी हवी. यंत्र कपाटात ठेवून दिलेल्यांना प्रश्न विचारलाच नाही, तर समाधानाचा आकडा फुगतो.

लॅरी ह्यूम्स व सहकाऱ्यांची 2017ची चाचणी 55 ते 79 वयोगटातील लोकांवर झाली. तज्ज्ञाने जुळवलेले यंत्र व स्वतः निवडलेले यंत्र यांचा लाभ जवळपास सारखाच ठरला; समाधान मात्र दुसऱ्या गटात कमी होते. चाचणीनंतर यंत्र विकत घ्यायला पहिल्या गटातील 81 टक्के तयार होते, दुसऱ्यातील 55 टक्के. लाभ आणि समाधान यांतील फरक इतका स्वच्छ क्वचितच दिसतो.

भारतात 1981ची एडिप योजना (दिव्यांगांना साधने देणारी) व 2017ची राष्ट्रीय वयोश्री योजना (गरजू वृद्धांसाठीची) यांतून पात्र व्यक्तींना यंत्रे मोफत मिळतात. यंत्र मोफत असल्यास ‘सॅडल’मधील किमतीचा प्रश्न गाळतात; पण खर्च तिथेच संपत नाही, कारण बटणासारख्या बॅटऱ्या नेहमीच्या वापरात एक-दोन आठवड्यांत बदलाव्या लागतात.