हीट शॉक प्रथिने आणि पुरुषांची प्रजननक्षमता

उष्णता, विषारी द्रव्ये किंवा ऑक्सिडीकरणाचा ताण आला की पेशीतल्या प्रथिनांच्या घड्या विस्कटतात. या घड्या पुन्हा नीट बसवणारी आणि सुधारण्यापलीकडे गेलेली प्रथिने मोडीत काढायला मदत करणारी प्रथिने म्हणजे हीट शॉक प्रथिने. १९६२ मध्ये इटालियन संशोधक फेरुच्चो रितोसा यांना तापवलेल्या फळमाशीच्या लाळग्रंथीतील गुणसूत्रांवर नवे फुगवटे, म्हणजे तिथली जनुके कामाला लागल्याची खूण, दिसले, तिथून हा विषय सुरू झाला. ६०, ७०, ९० ही या प्रथिनांच्या गटांची नावे रेणुभारावरून (किलोडाल्टनमध्ये) पडली आहेत.

वृषणात ही प्रथिने केवळ संकटकाळची नाहीत. ७० गटातले एचएसपीए२ हे प्रथिन ताण नसतानाही अर्धगुणसूत्री विभाजन (गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारे विभाजन) चालू असलेल्या शुक्रपेशींत, म्हणजे ज्यांपासून पुढे शुक्राणू घडतात त्या पेशींत, भरपूर बनते. जोडीतल्या गुणसूत्रांना एकत्र धरणाऱ्या चौकटीत ते सापडते आणि विभाजन पुढे नेणाऱ्या प्रथिनांची जोडणीही तेच जमवते. उंदरात याचे जनुक काढले की शुक्रपेशी त्याच टप्प्यावर अडून मरतात. नर वंध्य होतो, मादीच्या जननक्षमतेला मात्र धक्का लागत नाही. माणसात हे प्रथिन कमी असलेले शुक्राणू अंडपेशीच्या आवरणाला नीट चिकटत नाहीत. अशा अपक्व शुक्राणूंच्या मानेशी पेशीद्रवाचा गोळा राहिलेला असतो. तो डोक्याच्या एक तृतीयांशाहून मोठा असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली दोष म्हणून मोजतात.

वृषण शरीरापेक्षा २ ते ४ अंश सेल्सिअस थंड असते. इतर पेशींत ४१-४२ अंशांना जागा होणारा एचएसएफ१ हा हीट शॉक प्रथिनांची जनुके चालू करणारा नियंत्रक उंदराच्या शुक्रपेशींत ३८ अंशांच्या आतच जागा होतो. आश्चर्य असे, की विभाजनातल्या शुक्रपेशीत तो पेशीला वाचवण्याऐवजी तिच्या मरणाची प्रक्रिया सुरू करतो. सदोष पेशी पुढे जाऊ नये, हाच यामागचा हेतू असावा.

तयार शुक्राणू नवी प्रथिने जवळजवळ बनवू शकत नाही. घडताना मिळालेल्या शिदोरीवरच त्याला निभवावे लागते. म्हणून मोठ्या तापाचा फटका लगेच पूर्ण दिसत नाही. शुक्राणू घडायला सुमारे ७४ दिवस लागतात, वर अधिवृषणातला (वृषणाला लागून असलेल्या, शुक्राणू पक्व होणाऱ्या नळीतला) प्रवास. तापानंतर काही आठवड्यांनी केलेल्या वीर्यतपासणीत संख्या घटलेली आढळली तर तेवढ्यावर वंध्यत्वाचे निदान करू नये. साधारण ३ महिन्यांनी, २ ते ७ दिवस वीर्यपतन टाळून, तपासणी पुन्हा करावी. नेहमीच्या वीर्यतपासणीत ही प्रथिने मोजली जात नाहीत.