सायकल-वेगमापकाचे अंशशोधन

सायकलचे चाक एकदा पूर्ण फिरले की जमिनीवर किती अंतर कापले जाते, ते मोजून तो आकडा हँडलवरील वेगमापकात भरण्याची क्रिया. सायकलवाले तिला 'चाकाचे सेटिंग' किंवा 'कॅलिब्रेशन' म्हणतात. 'सेन्सरचे अंशशोधन' हा रूढ शब्दप्रयोग तसा सैलच, कारण सेन्सरला फेरे तेवढे कळतात. तपासायचा असतो तो चाकाचा परिघ.

परिघाचा हा घोळ जुना आहे. इसवी सनपूर्व पहिल्या शतकातील रोमन वास्तुविद व्हिट्रुव्हियसने रथाच्या चाकावर चालणारा अंतरमापक वर्णिला आहे: चाकाचा एक फेरा साडेबारा फूट, ४०० फेऱ्यांना ५,००० फूट, म्हणजे एक रोमन मैल, प्रत्येक मैलाला एक खडा भांड्यात पडे. मात्र चाकाचा व्यास किती, यावर पाठभेद आहे. काही संपादक तो चार फूट धरतात, तर एका वाचनानुसार तो चार फूट आणि वर एक षष्ठांश येतो. दुसरे वाचन घेतल्यास पाय (π, म्हणजे परिघ भागिले व्यास) ३ धरावा लागतो, पहिले घेतल्यास ३.१२५. पहिले वाचन प्रत्यक्ष चाकाला अधिक जवळचे वाटते. यंत्राची मूळ कल्पना आर्किमिडीजची असावी, असेही एक मत आहे. ते अनुमानापलीकडे जात नाही. सायकलसाठी यांत्रिक फेरेगणक अमेरिकेत कर्टिस व्हीडर याने १८९५ च्या सुमारास प्रचारात आणला. पुढे स्पोकला चुंबक आणि चिमट्याला रीड-स्विच (चुंबक जवळ आला की जुळणारा स्विच) ही जोडी आली. या स्विचचे श्रेय सामान्यतः बेल प्रयोगशाळेच्या वॉल्टर एलवूडला (१९३६) देतात. रशियन अभ्यासक मात्र १९२२ मधील कामासाठी कोवालेन्कोव्हचे नाव पुढे करतात.

टायरच्या मापावरून परिघ देणारे तक्ते मिळतात: ७००×२५ ला (२५ म्हणजे टायरची मिमीमधील रुंदी) २१०५ मिमी, ७००×२८ ला २१३६. हे आकडे सरासरीचे आहेत. २५ चा टायर असताना २८ चा आकडा भरला, तर सुमारे दीड टक्का फरक पडतो. साताऱ्याहून कासकडे २५ किमी चढलेल्याला यंत्र जवळपास ३७० मीटर फुकट देते. जुन्या काळ्या सायकलींच्या बाबतीत तक्ते विशेष फसवतात. '२८ इंची' या एकाच नावाखाली ६२२ आणि ६३५ मिमी व्यासाच्या दोन रिमा येतात. टायर सारखाच असला तरी परिघात ४१ मिमीचे अंतर पडते.

म्हणून मोजणी स्वतःच करावी. टायरमध्ये नेहमीची हवा भरून व्हॉल्व बरोबर खाली आणतात, तेथे फरशीवर खडूची रेघ ओढतात, आणि स्वार सीटवर बसलेला असतानाच सायकल सरळ ढकलत चाकाचे तीन फेरे पूर्ण करतात. शेवटच्या रेघेपर्यंतचे अंतर गवंड्याच्या फितीने मोजून तीनने भागायचे. वजनाने टायर दबतो, त्यामुळे रिकाम्या सायकलवर आकडा फुगतो. सेन्सर ज्या चाकाला असेल तेच चाक मोजावे. मागच्यावर भार अधिक असतो.

चुंबकाविना चालणारे नवे सेन्सर जीपीएसवरून परिघ आपोआप ठरवतात. यवतेश्वर घाटात ते भरवशाचे नाही: जीपीएस बिंदूंना सरळ रेषेने जोडते, त्यामुळे वळणे कापली जातात, अंतर कमी भरते आणि परिघही आखूड निघतो. सांगली-मिरजेच्या बाजूचा सपाट, सरळ पट्टा त्यासाठी बरा. रस्त्याकडेच्या दगडांवर (किलोमीटरचा असला तरी लोक त्याला मैलाचा दगडच म्हणतात) फारसे विसंबू नये. रुंदीकरणात ते हलतात.

रस्त्यावरील शर्यतींचे मार्ग प्रमाणित करतानाही सायकलचेच चाक वापरतात. पोलादी फितीने आखलेल्या पट्ट्यावर ते मोजणीआधी आणि मोजणीनंतरही तपासतात, कारण ऊन चढले की टायर फुगतो आणि त्याच अंतरात फेरे कमी भरतात.