रॅपमध्ये गोष्ट नसते?

‘रॅप म्हणजे नुसती यमकांची बडबड, त्यात गोष्ट कुठली?’ फोंड्यातल्या आमच्या नाटकवाल्यांच्या ग्रुपवर हे वर्षानुवर्षं फिरतंय. समज तसा होणारच; लग्नात, बसमध्ये कानावर पडतो एखादाच तुकडा.

पण रॅपर केंड्रिक लमारचा 2012चा अल्बम ‘गुड किड, मॅड सिटी’ घ्या. अमेरिकेतल्या कॉम्प्टन शहरातल्या एका पोराची गोष्ट. पहिलं गाणं संपताना व्हॉइसमेलवर आई आपली गाडी परत मागते. अगदी सुरुवातीला ऐकू येणारी प्रार्थना मात्र गोष्टीत उशिरा घडते. दहाव्या गाण्याच्या शेवटी तिचा उलगडा होतो. (मला दुसऱ्यांदा ऐकताना कळलं.)

तपासायचंय? शफल बंद करा, बोल समोर ठेवा, मडगाव-पणजी बसमध्ये क्रमाने ऐका. मग शफल लावा: जत्रेतल्या नाटकाचा तिसरा अंक आधी झाल्यासारखं वाटेल. सगळेच रॅप अल्बम असे नसतात, हेही खरं.