टर्बोचार्जरची निवड : जपानी परफॉर्मन्स मोटारी आणि खानदेशचे हवामान

टर्बोचार्जरची निवड म्हणजे कंपनीने इंजिनावर बसवलेला टर्बो काढून त्याच्या जागी जास्त हवा देणारा टर्बो घालताना त्याच्या चाकांची मापे, एक्झॉस्ट हाउसिंग (एक्झॉस्टने फिरणाऱ्या चाकाभोवतीचे कवच) आणि सोबत लागणारे बदल ठरवणे. सुबारू इम्प्रेझा, मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन, निसान स्कायलाइन जीटी-आर, टोयोटा सुप्रा आणि माझदा आरएक्स-७ या जपानी गाड्यांभोवती ही विद्या विशेष वाढली. जळगाव, धुळे, नंदुरबार या भागात अशा गाड्या क्वचित दिसतात. टर्बो मात्र इथे अनोळखी नाही. रावेर-यावलची केळी उत्तरेकडे नेणारे ट्रक आणि गावोगावचे पिकअप डिझेल टर्बोवरच चालतात. ‘टर्बो गेला’ हे शब्द हायवेवरच्या कुठल्याही मिस्तरीने अनेकदा ऐकलेले असतात. पेट्रोल टर्बोचे गणित त्याहून नाजूक असते. डिझेल इंजिन जादा हवा निमूट गिळते, पेट्रोल इंजिन मात्र ती हवा तापलेली असली की नॉकिंग (सिलिंडरमध्ये इंधनाचा अवेळी स्फोट) करते आणि पिस्टन फोडते. म्हणूनच खानदेशात या निवडीचा पहिला निकष हॉर्सपॉवर नसून तापमान आहे.

पूर्वपीठिका

एक्झॉस्टच्या वेगाने टर्बाइन फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या कॉम्प्रेसरने इंजिनात हवा दाबायची, या कल्पनेचे पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये घेतले. जपानमध्ये टर्बो असलेली पहिली प्रवासी मोटार निसानने १९७९ मध्ये आणली. पुढे १९८९ पासून जपानी कंपन्यांनी आपसांत ठरवून देशांतर्गत गाड्यांची जाहीर ताकद २८० पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर) पर्यंतच ठेवली आणि हा संकेत २००४ पर्यंत टिकला. त्याचा परिणाम असा झाला की कागदावर २८० लिहिलेल्या अनेक इंजिनांत त्याहून बरीच जास्त ताकद पेलण्याची क्षमता शिल्लक होती. सुप्राचे २जेझेड-जीटीई आणि इव्होचे ४जी६३ या दोन्हींचे ब्लॉक ओतीव लोखंडाचे आहेत. जास्त बूस्टचा, म्हणजे टर्बोने हवेला दिलेल्या जादा दाबाचा, ताण ते पुष्कळ सोसतात. सुबारूच्या अडीच लिटरच्या ईजे इंजिनाला ही मुभा नाही. त्याच्या पिस्टनवरचा रिंगांमधला कडा नॉकिंगने तुटतो आणि त्या गाड्यांचा हा प्रसिद्ध आजार आहे. तेव्हा टर्बोची यादी उघडण्याआधी आपले इंजिन किती झेपवेल हे ठरले पाहिजे.

मूळ टर्बोच्याही मर्यादा असतात. स्कायलाइन जीटी-आरच्या आरबी२६ इंजिनावरच्या दोन्ही टर्बोंत सिरॅमिकची टर्बाइन चाके होती. हलकी असल्याने ती चटकन वेग घेत, पण बूस्ट वाढवला की दांड्यावरून निखळत. जपानी बाजारातल्या सुप्रातही सिरॅमिक चाकेच होती. अशा गाडीत ‘टर्बो तोच ठेवून फक्त बूस्ट वाढवू’ हा सल्ला घातक ठरतो. सुप्रा आणि आरएक्स-७ मध्ये दोन टर्बो एकामागून एक कामाला येतात, खालच्या फेऱ्यांत एकटा पहिला आणि वरच्या फेऱ्यांत दोन्ही मिळून. ती व्हॅक्यूमच्या नळ्यांची गुंतागुंत जुनी झाली की बरेच मालक एकच मोठा टर्बो बसवतात. नळ्या बदलून मूळ रचना दुरुस्त करणे अनेकदा जास्त शहाणपणाचे असते.

हवेचा हिशेब

निवडीची सुरुवात हवेच्या वजनापासून होते. पेट्रोल इंजिनासाठी ढोबळ प्रमाण असे, की दर मिनिटाला एक किलो हवा गेली की साधारण २२ हॉर्सपॉवर मिळते. ३३० हॉर्सपॉवर हवी असेल तर मिनिटाला १५ किलो हवा लागते.

दोन लिटरचे इंजिन ७००० फेऱ्यांवर आहे आणि बूस्ट १.२ बार ठेवायचा आहे असे धरू. बरेच लोक वातावरणाचा १ बार मिळवून प्रेशर रेशो (कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या आणि त्यात येणाऱ्या हवेच्या दाबांचे गुणोत्तर) २.२ काढतात. खरा रेशो त्याहून जास्त असतो. जळगावची उंची समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे बाहेरचा दाब साधारण ०.९८ बार धरावा. एअर फिल्टर आणि नळीत त्यातले ०.०५ जातात, तर इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा गार करणारी जाळी) पार करताना ०.१० जातात. म्हणजे कॉम्प्रेसरला ०.९३ वरून २.२८ बारपर्यंत दाब चढवावा लागतो आणि रेशो २.४५ होतो. कॉम्प्रेसरच्या नकाशावर हा फरक मोठा आहे, कारण २.२ ला मधोमध बसणारा बिंदू २.४५ ला कडेला जाऊ शकतो.

हा नकाशा वाचता येणे हीच या कामातली मुख्य कसोटी. आडव्या अक्षावर हवेचा प्रवाह, उभ्यावर प्रेशर रेशो आणि आत बेटांसारखी कार्यक्षमतेची वर्तुळे. डावीकडची रेघ सर्जची. तिच्या पलीकडे हवा उलटी थडकते, गाडी धक्के देते आणि थ्रस्ट बेअरिंग मार खाते. उजवीकडे चोक, तिथे चाक कितीही जोरात फिरले तरी हवा वाढत नाही, नुसती तापते. आपला बिंदू ७० टक्क्यांच्या वरच्या बेटात यावा आणि कमी फेऱ्यांवरचे बिंदूही सर्जच्या उजवीकडे राहावेत. एकच कमाल बिंदू पाहून टर्बो घेणे ही सर्रास होणारी चूक आहे. निदान ३०००, ५००० आणि ७००० फेऱ्यांचे बिंदू मांडल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

‘ट्रिम’ म्हणजे चाकाच्या लहान आणि मोठ्या व्यासाच्या गुणोत्तराचा वर्ग गुणिले शंभर. ४८ आणि ६० मिलिमीटरच्या चाकाचा ट्रिम ६४ येतो. एक्झॉस्ट हाउसिंगचा ए/आर (त्याच्या वाटेचे क्षेत्रफळ भागिले केंद्रापासूनची त्रिज्या) लहान असेल तर टर्बो लवकर जागा होतो आणि वर दम कोंडतो. मोठा असेल तर उलट घडते.

उन्हाळा

जळगाव-भुसावळकडे मे हीटमध्ये पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. धुळ्यात जानेवारीच्या पहाटे तो दहाच्या खाली उतरतो. एवढा फरक सोसणारा टर्बो निवडायचा, तर वरचेच उदाहरण दोन तापमानांवर तपासून पाहावे.

कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७२ टक्के धरली, तर बाहेर २५ अंश असताना टर्बोतून निघणारी हवा सुमारे १४६ अंशांची असते आणि बाहेर ४५ असताना सुमारे १७४ अंशांची. इंटरकूलरने त्यातली ७० टक्के वाढ काढून टाकली तरी इंजिनात पहिल्या वेळी ६१ आणि दुसऱ्या वेळी ८४ अंशांची हवा जाते. त्याच बूस्टवर हवेचे वजन सहा टक्क्यांहून जास्त घटते, म्हणजे ३३० हॉर्सपॉवरची गाडी ३१० वर येते. तेवढ्यावर भागत नाही. ८४ अंशांच्या हवेत नॉकिंग लवकर येते, म्हणून ईसीयू (इंजिनाचा संगणक) इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा देतो, आणि आणखी ताकद जाते. गेज मात्र १.२ च दाखवत राहतो, त्यामुळे मालकाला वाटते की टर्बो छोटा पडला.

नकाशातले आकडे ठरावीक तापमान आणि दाब धरून दिलेले असतात. तापलेल्या, पातळ हवेत तेवढ्याच वजनाची हवा द्यायची तर आपला बिंदू नकाशावर उजवीकडे सरकतो. या उदाहरणात १४.१ किलो हवा प्रत्यक्ष जात असताना नकाशावर ती साधारण १५ किलोच्या रेघेवर मांडावी लागते. थंड देशातल्या मालकाला अगदी नेमका बसणारा टर्बो तेवढीच ताकद काढू गेल्यास इथे मे महिन्यात चोककडे ढकलला जातो तो यामुळे. म्हणून हॉर्सपॉवरचे लक्ष्य थोडे खाली आणून टर्बो एक पायरी मोकळा घ्यावा. कमी बूस्टवर चालणारा मोकळा टर्बो, ताणून धरलेल्या छोट्या टर्बोपेक्षा थंड हवा देतो.

इंटरकूलरला टर्बोइतकेच, किंबहुना जास्त महत्त्व द्यावे. इम्प्रेझाचा इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावर बसतो, त्यामुळे गाडी सिग्नलला उभी राहिली की तो खालच्या उष्णतेने भाजून निघतो. पुढे बंपरमागे मोठा इंटरकूलर लावला की ही अडचण सुटते, पण तो रेडिएटरची हवा अडवतो आणि ४५ अंशांत कूलंटचा काटा चढू लागतो. पंखे आणि त्यांची आवरणे नीट बसवून मधल्या फटी बुजवल्याशिवाय हा बदल करू नये. इम्प्रेझाच्या एसटीआय आवृत्तीत आणि इव्होत कंपनीनेच इंटरकूलरवर पाण्याचा फवारा दिला होता. खानदेशच्या कोरड्या उन्हाळ्यात तो विशेष उपयोगी पडतो. कारण तेच, ज्यामुळे एप्रिल-मेमध्ये वाळ्याचा कूलर घर गार करतो आणि जुलैत नुसता दमटपणा वाढवतो. मात्र फवाऱ्यात बोअरचे पाणी घालू नये, त्यातल्या क्षारांनी पात्यांवर पांढरा थर बसतो. बॅटरीत घालायचे पाणी वापरावे.

धूळ, तेल, पेट्रोल

काळ्या मातीची बारीक धूळ ही दुसरी अडचण. कॉम्प्रेसरचे चाक मिनिटाला एक लाखाहून जास्त फेऱ्या घेते, त्या वेगात धुळीचा कण पात्यांच्या कडा घासून काढतो. उघडा कोन फिल्टर दिसायला आणि ऐकायला छान असतो, पण तो बॉनेटखालची तापलेली हवा आणि धूळ दोन्ही ओढतो. कंपनीचा बंद एअर बॉक्स ठेवून त्याला बाहेरची हवा देणारी नळी मोठी करणे इथे उत्तम.

टर्बो मरतो तो बहुधा तेलामुळे. जोरात चालवून गाडी झटकन बंद केली की बेअरिंगमधले तेल तिथेच करपते. लांबच्या पल्ल्याचे ट्रकवाले इंजिन थोडा वेळ आयडलवर ठेवून मग बंद करतात, ती सवय इथेही तितकीच खरी आहे. सुबारूच्या तेलाच्या बोल्टमध्ये एक बारीक जाळी असते. ती चोंदली की नवा टर्बोही काही दिवसांत जातो, म्हणून टर्बो बदलताना जाळी तपासावीच. बॉल बेअरिंगच्या टर्बोला तेल मोजून लागते, त्यासाठी नळीत रिस्ट्रिक्टर (प्रवाह कमी करणारे बारीक छिद्र) घालावा लागतो. परतीची नळी रुंद आणि सरळ खाली उतरणारी असावी, नाहीतर सील निर्दोष असूनही सायलेन्सरमधून निळा धूर येतो आणि लोक टर्बोला दोष देतात.

जपानमध्ये या गाड्या १०० ऑक्टेनच्या (नॉकिंग रोखण्याच्या क्षमतेचे माप) आसपासच्या पेट्रोलवर ट्यून केलेल्या. आपल्याकडे साधे पेट्रोल वर्षानुवर्षे ९१ ऑक्टेनचे होते आणि ९५ किंवा १०० चे सगळ्या पंपांवर मिळत नाही. प्रवासात जे पेट्रोल हमखास मिळेल त्यावरच मॅपिंग (ईसीयूतल्या इंधन आणि इग्निशनच्या तक्त्यांची जुळणी) करावे. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल नॉकिंगला बरे तोंड देते, मात्र त्याला हवेच्या प्रमाणात जास्त इंधन लागते. शुद्ध पेट्रोलचे १४.७ हे प्रमाण (एक भाग इंधनाला इतके भाग हवा, वजनाने) तिथे साधारण १३.५ वर येते. म्हणून इंजेक्टर आणि पंप काठावरचे न घेता ऐसपैस घ्यावेत. तीस वर्षांच्या गाडीतले रबरी पाइप तर आधी बदलावेत.

रस्ते आणि घाट

सुरत-नागपूर आणि मुंबई-आग्रा हे दोन्ही महामार्ग धुळ्यात भेटतात. त्यांवर खरी गरज असते ती ट्रकच्या रांगेला ओलांडण्यापुरत्या ताकदीची आणि ती मिळायला हवी २५०० ते ४५०० फेऱ्यांत. दोन लिटरच्या इंजिनावर ५०० हॉर्सपॉवरचा टर्बो साधारण याच पट्ट्यात झोपलेला असतो. इव्होचा मूळ टीडी०५ किंवा त्याहून किंचित मोठा टर्बो ओव्हरटेकिंगला कितीतरी कामाचा. चार सिलिंडरच्या इंजिनात ट्विन-स्क्रोल रचना असेल तर ती सोडू नये. दोन-दोन सिलिंडरचा एक्झॉस्ट वेगळा ठेवल्याने टर्बो लवकर जागा होतो. इव्होला ही रचना १९९६ च्या चौथ्या पिढीपासून मिळाली.

चाळीसगावहून कन्नडचा घाट किंवा साक्री-नवापूर वाटेवरचा कोंडाईबारी चढताना गाडी कमी वेगात आणि पूर्ण भारात असते. इंटरकूलरला वारा मिळत नाही, तेल तापते. तोरणमाळला आणखी एक गोष्ट घडते. तिथली उंची सुमारे ११५० मीटर, बाहेरचा दाब ०.८८ बारच्या आसपास. इंजिनात पूर्वीइतकाच दाब ठेवायचा तर प्रेशर रेशो २.४५ वरून २.७५ वर जातो आणि टर्बोला बराच जास्त वेग घ्यावा लागतो. खाली जळगावात वेगमर्यादेला टेकलेला टर्बो तोरणमाळच्या वाटेवर ती ओलांडू शकतो.

भारतातली उपलब्धता आणि कायदा

इव्होल्यूशनची दहावी पिढी भारतात अधिकृतपणे विकली गेली आणि निसान जीटी-आर २०१६ च्या डिसेंबरात आली. मारुती सुझुकीच्या बलेनो आरएस (२०१७) आणि फ्राँक्स (२०२३) या एक लिटर टर्बो गाड्या सामान्य खरेदीदाराच्या आवाक्यातल्या ठरल्या. जपानातून जुनी गाडी आणणे तीन वर्षांच्या वयोमर्यादेमुळे जवळपास बंदच आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलापासून वेगळा बदल करण्यावर निर्बंध आहेत. परवानगी न घेता केलेला बदल विमा कंपनीपासून लपवला तर अपघातानंतरचा दावा अडतो.

मॅपिंग

नवा टर्बो बसवल्यावर इग्निशन तोडून, तेलाचा दाब येईपर्यंत इंजिन नुसते स्टार्टरवर फिरवावे, मग सुरू करावे. वाइडबँड सेन्सर (हवा-इंधनाचे प्रमाण मोजणारा) आणि नॉक ऐकण्याची सोय नसेल तर बूस्ट वाढवू नये. जानेवारीत केलेले मॅपिंग मेमध्ये धोक्याचे ठरते, कारण गार हवेत इंजिन मोकळेपणाने पुढचे इग्निशन घेते आणि तापलेल्या हवेसाठीच्या दुरुस्त्यांचा तक्ता तपासलाच जात नाही. डायनोची (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राची) वेळ एप्रिलच्या शेवटी किंवा मेमध्ये, दुपारची घ्यावी. हिवाळ्यात मग फक्त बूस्टचा वरचा लगाम पाहावा लागतो, कारण थंड, घट्ट हवेत तोच टर्बो जास्त हवा ढकलतो आणि इंधनपंप अपुरा पडू शकतो.