बावटा ते शंकू: घाटावरून वादळ बघणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी

बेळगावच्या मासळी बाजारात एखाद्या सकाळी सुरमई दिसेनाशी झाली आणि बांगड्याचा भाव चढला, की जुनी गिऱ्हाइकं विचारायची, "खाली बावटा लागला काय?" खाली म्हणजे घाटाखाली. वेंगुर्ला, मालवण, पणजी, कारवार. बावटा म्हणजे बंदरावर चढवलेली वादळाची खूण. आता तोच प्रश्न मोबाइलवरचा नकाशा पुढे करून विचारतात. अरबी समुद्रात एक ठिपका, त्याच्यापुढे रुंद होत गेलेला पट्टा. आपल्याकडं येणार काय?

याचं सरळ उत्तर आजही मिळत नाही. मात्र ते न मिळण्याची तऱ्हा गेल्या दीडशे वर्षांत बरीच बदलली आहे.

'सायक्लोन' हा शब्द कलकत्त्यात जन्मला. तिथल्या हेन्री पिडिंग्टन यांनी १८४० च्या दशकात जहाजांच्या नोंदवह्या तपासताना सापाच्या वेटोळ्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून तो घडवला. अटलांटिकमध्ये ज्याला हरिकेन म्हणतात ते आणि आपलं चक्रीवादळ एकाच जातीचं. ऑक्टोबर १८६४ मध्ये कलकत्त्यावर मोठं वादळ आदळलं, हजारो माणसं गेली, आणि पुढच्याच वर्षी तिथल्या बंदरासाठी इशारे देण्याची व्यवस्था सुरू झाली. भारतीय हवामान खातं उभं राहिलं ते १८७५ साली.

बंदरावरचे बावटे याच परंपरेतले. एक ते अकरा असे त्यांचे क्रमांक. दिवसा शंकू आणि नळकांड्याच्या आकाराच्या खुणा, रात्री दिवे. पहिले दोन सांगतात की वादळ दूर समुद्रात आहे. तीन आणि चार बंदराला स्वतःला सावध करतात. पाच, सहा आणि सात यांत वादळ बंदराच्या कुठल्या अंगाने जाणार, की थेट अंगावरूनच, हेही सांगायची सोय आहे. आठ ते दहा म्हणजे महाधोका. अकरा क्रमांकाचा अर्थ एवढाच की इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्क तुटला. याहून भीतीदायक बावटा नसावा. अक्षरओळख नसलेल्या तांडेलालाही, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखालाही, 'तीन नंबर लागला' हे कळत होतं. बावटा शक्यता सांगत बसत नाही. वर चढला की होडी पाण्यात घालायची नाही.

उपग्रह आल्यावर वादळ दिसू लागलं. उत्तर हिंदी महासागरातल्या वादळांना नावं मिळू लागली ती २००४ पासून, आणि पहिलं नाव, 'ओनिल', अरबी समुद्रातल्याच वादळाला मिळालं. हवामान खात्याच्या नकाशावर तो रुंद होत जाणारा पट्टा, म्हणजे अनिश्चिततेचा शंकू, २००९ पासून दिसू लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरात 'फयान' आलं. लक्षद्वीपच्या बाजूला तयार झालेलं हे वादळ दोन-तीन दिवसांतच अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान जमिनीवर चढलं. कोकणातले कितीतरी मच्छीमार तेव्हा समुद्रातच होते.

या शंकूबद्दल घाटावर आणि घाटाखाली सारखाच गैरसमज आहे. पट्टा म्हणजे वादळाचा आकार नव्हे. मागच्या अंदाजांत सरासरी किती चूक झाली होती, तेवढी जागा मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना सोडलेली असते. केंद्र बहुधा त्या जागेत कुठेतरी राहील, एवढंच त्याचं म्हणणं. वारा आणि पाऊस पट्ट्याबाहेरही शेकडो किलोमीटर पोचतात. चोवीस तासांच्या अंदाजात ही सरासरी चूक आता शंभर किलोमीटरच्या आत आली आहे. ऐकायला छान वाटतं. पण बेळगाव ते वेंगुर्ल्याचा समुद्र सरळ रेषेत जेमतेम नव्वद किलोमीटर, आणि कारवार ते पणजी त्याहूनही थोडं कमी. म्हणजे उद्याचा अंदाज सरासरीइतका चुकला तरी कारवारचं वादळ पणजीला जातं. तीन दिवसांनंतरच्या अंदाजात ही चूक साधारण दुप्पट धरा.

चूक होते कारण वादळ स्वतःच्या पायांनी चालत नाही. मलप्रभेच्या पुरात भोवरा जसा धारेबरोबर वाहत जातो, तसं वादळ वरच्या थरांतल्या वाऱ्यांबरोबर सरकतं. उत्तरेकडे उच्च दाबाचा पट्टा भक्कम असला तर ते पश्चिमेला, ओमानच्या दिशेने ढकललं जातं. पश्चिमी वाऱ्यांचा पट्टा दक्षिणेकडे उतरला तर ते वळून गुजरातकडे जातं. दोन्ही ओढ सारखीच लागली की ते समुद्रात रेंगाळतं, आणि तेव्हा वेगवेगळ्या संगणकीय प्रारूपांचं आपसांत पटेनासं होतं.

२०१९ च्या जूनमधलं 'वायू' याचं ठळक उदाहरण. ते १३ जूनला वेरावळच्या आसपास गुजरातच्या किनाऱ्यावर चढणार असा अंदाज होता. सुमारे तीन लाख लोकांना हलवलं. वादळ किनाऱ्याजवळ आलं, पश्चिमेला वळलं, किनाऱ्याच्या कडेकडेने समुद्रात निघून गेलं, तिथे क्षीण झालं आणि चार-पाच दिवसांनी उरलंसुरलं पुन्हा मागे फिरून कच्छकडे आलं. 'अंदाज फसला' असं सगळीकडे म्हटलं गेलं. मला ते पटत नाही. एवढ्या जवळून गेलेलं वादळ थोडं उजवीकडे सरकलं असतं तर तीन लाखांचा आकडाही अपुरा ठरला असता. पण एकदा रिकाम्या हाती परतलेल्या माणसाला दुसऱ्यांदा घर सोडायला लावणं अवघड, हेही तितकंच खरं. त्याच वर्षी अरबी समुद्रात एकूण पाच चक्रीवादळं झाली, आणि ऐन दिवाळीत 'क्यार' कोकणासमोरून वळत महाचक्रीवादळ बनून ओमानच्या दिशेने गेलं. किनाऱ्याला ते शिवलंही नाही, तरी कोकणात कापणीला आलेलं भात त्याच्या पावसानं आडवं झालं.

कर्नाटकाच्या किनाऱ्यावर वादळ थेट चढण्याचे प्रसंग थोडे, कारण बहुतेकांची वाट किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे जाते. नोव्हेंबर १९७७ हा अपवाद. नागपट्टणमला आदळलेलं वादळ द्वीपकल्प ओलांडून अरबी समुद्रात उतरलं, पुन्हा जोर धरून वळलं आणि मंगळूर-होन्नावरच्या बाजूला परत जमिनीवर आलं. एरवी कारवार-माजाळीच्या वाट्याला बाजूने जाणाऱ्या वादळाचा फटका येतो. 'तौक्ते' असंच १६ मे २०२१ ला गोव्याजवळून वर सरकलं आणि दुसऱ्या रात्री गुजरातमधल्या उन्याजवळ चढलं. लॉकडाऊनमुळे तेव्हा सगळे घरातच. आमच्याकडे दिवसभर फोनवर एकच चाललं होतं: "मावशी, वारं कुठलं हाय?"

घाटावर वादळ दोन वाटांनी पोचतं. समुद्रावरची ओल घेऊन आलेला वारा सह्याद्रीला धडकला की कणकुंबी-जांबोटीकडे पाऊस कोसळतो, आणि मलप्रभेचा उगम कणकुंबीचाच. गंमत अशी की कणकुंबी ज्यात येतं तो खानापूर तालुका हवामानाच्या पत्रकात 'उत्तर अंतर्गत कर्नाटका'त मोडतो. कणकुंबीत छत्री उलटी झालेल्या माणसाला यातलं 'अंतर्गत' काय ते विचारा. शिवाय आपला इशारा बेंगळूरहून निघतो, शेजारच्या चंदगडचा मुंबईहून. ढग एकच, इशाऱ्याचा रंग कधीकधी वेगळा.

दुसरी वाट उलटी, पाऊस अडवण्याची. जून २०२३ मध्ये 'बिपरजॉय' समुद्रात रेंगाळत होतं. ओमान, कराची की गुजरात, हे बरेच दिवस ठरेना. अखेर १५ जूनला ते कच्छमधल्या जखाऊजवळ चढलं. मोसमी पाऊस केरळात ८ जूनला आला, ११ ला रत्नागिरीपर्यंत पोचला आणि तिथेच जवळजवळ दोन आठवडे अडकला. मिरगाच्या भरवशावर धूळवाफ पेरणी करून बसलेल्या माणसासाठी शंकू शेकडो किलोमीटर लांब होता, आणि तरी भात त्याच्याच शेतात खोळंबलं होतं.

वादळ जवळ आलं की दर तीन तासांनी नवं पत्रक निघतं, किनाऱ्यावर चढताना दर तासाला. त्या काळात गोव्याच्या, महाराष्ट्राच्या, अगदी तमिळनाडूच्याही बोटी आसऱ्याला कारवारच्या बैतखोल बंदरात शिरतात. बोटी तिथे दाटीनं उभ्या राहिल्या, की एक-दोन दिवसांत बेळगावच्या बाजारात बर्फातला जुना बांगडा तेवढा उरतो.