टूमस्टोनमधील अराजक व सरकारी हस्तक्षेप
टूमस्टोन : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ॲरिझोनाच्या आग्नेय भागातले, मेक्सिकोच्या सीमेपासून सुमारे ५० किमी.वरील खाणगाव. एड शिफेलिन याला येथे १८७७ मध्ये चांदीचे खनिज सापडले. गावाची आखणी १८७९ मध्ये झाली. लोकसंख्येचे आकडे लेखकागणिक बदलतात, कारण ऐन भरभराट १८८० च्या जनगणनेनंतरची आहे.

गावात कायदाच नव्हता, हा समज टिकत नाही. नगराचा पोलीसप्रमुख, काउंटीचा (जिल्ह्यासारख्या विभागाचा) शेरीफ आणि संघराज्याचा मार्शल असे तीन अंमलदार होते. अडचण त्यांच्या हद्दींची व मिळकतीची होती. १ फेब्रुवारी १८८१ रोजी पिमा काउंटीतून कोचीस काउंटी वेगळी झाली. तिचा शेरीफ जॉन बीहन करवसुलीही करी आणि वसुलीचा दहा टक्के हिस्सा त्याला मिळे. साहजिकच सीमेवरच्या गुरेचोरांमागे धावणे हा त्याच्या दृष्टीने निव्वळ खर्च होता. उपमार्शलांचे वेतन फी व मैलभत्त्यावर बेतलेले. शिवाय गुरेचोरी त्यांच्या कक्षेत येत नसे. सप्टेंबर १८८१ मध्ये बिस्बी या जवळच्या खाणगावाची टपालगाडी लुटली गेली. बीहनच्या हाताखाली काम केलेला फ्रँक स्टिलवेल स्थानिक आरोपातून पुराव्याअभावी सुटला, तेव्हा त्याला टपालात अडथळा आणल्याच्या संघराज्यीय आरोपाखाली पुन्हा पकडावे लागले.

नगराच्या ९ क्रमांकाच्या नियमाने गावात शस्त्र बाळगून फिरण्यास बंदी होती. पोलीसप्रमुख व्हर्जिल अर्प, त्याचे भाऊ व सोबती डॉक हॉलिडे आणि गुरेचोरांच्या गोटातील माणसे यांच्यातील २६ ऑक्टोबर १८८१ च्या प्रसिद्ध चकमकीचे तात्कालिक निमित्त हेच. तीत तिघे मारले गेले. न्या. स्पायसर यांनी अर्प बंधू व डॉक हॉलिडे यांना खटल्यासाठी पुढे पाठवण्यास नकार दिल्यावर सूडसत्र सुरू झाले.

लष्कर बोलावणे सोपे नव्हते. १८५४ च्या महान्यायवाद्यांच्या मतानुसार मार्शल सैनिकांनाही मदतीस बोलावू शकत असे. १८ जून १८७८ च्या पॉसे कॉमिटाटस (कायदा राबवण्यास मदतीला बोलावलेली माणसे) कायद्याने ती वाट बंद केली. संविधानाने किंवा काँग्रेसने स्पष्ट अधिकार दिल्याखेरीज कायदा राबवण्यासाठी भूसेना वापरणाऱ्यास १०,००० डॉलरपर्यंत दंड वा दोन वर्षांपर्यंत कैद ठेवली होती. प्रभारी गव्हर्नर गॉस्पर यांनी वॉशिंग्टनला वारंवार लिहिले. २६ एप्रिल १८८२ रोजी राष्ट्राध्यक्ष आर्थर यांनी या कायद्यात दुरुस्ती मागितली. सेनेटच्या न्यायविषयक समितीने मात्र विद्यमान तरतुदी पुरेशा ठरवल्या. त्या म्हणजे संकलित कायद्यांची कलमे ५२९८ व ५३००. पहिल्यानुसार, नेहमीच्या न्यायालयीन मार्गाने संघराज्याचे कायदे राबवणे अशक्य झाल्यास सैन्य वापरता येई. दुसऱ्यानुसार, त्याआधी जाहीरनामा काढून कायदा मोडणाऱ्यांना पांगण्यास मुदत देणे बंधनकारक होते. आर्थर यांचा ३ मेचा जाहीरनामा हा असा पूर्वअटीचा कागद होता. मुदत १५ मेच्या दुपारी बारापर्यंतची. त्यालाच लष्करी कायदा म्हणणे चूक आहे. तो कधी पुकारला गेला नाही.

जाहीरनाम्याच्या धाकाने शांतता आली, असे काही अभ्यासक मानतात. परंतु स्टिलवेल सूडसत्रात मार्चमध्येच मारला गेला होता, अर्प मंडळीही मे उजाडण्यापूर्वी काउंटीबाहेर पडली होती. म्हणून जाहीरनाम्याआधीच संघर्ष ओसरू लागला होता, हे मत अधिक ग्राह्य वाटते. पुढील काळाविषयीची माहिती तुटक आहे. डिसेंबर १८८३ मधील बिस्बीच्या दरोड्याबद्दल पाच जणांना टूमस्टोन येथे २८ मार्च १८८४ रोजी न्यायालयीन निकालानुसार फाशी झाली. त्याच प्रकरणात जन्मठेप मिळालेल्या जॉन हीथला मात्र जमावाने त्यापूर्वीच, २२ फेब्रुवारीला, तुरुंगातून ओढून नेऊन फासावर लटकावले होते.